वॅटच्या हिशेबाने सराव: इंदूरच्या रस्त्यांवर पॉवर मीटर कसा वापरावा

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही आठ-दहा जण राऊच्या चौकात जमतो. महूपर्यंत जायचं, वेळ असेल तर जानापावच्या फाट्यापर्यंत, आणि परतताना ठेल्यावर गरम पोहे-जलेबी. माझी सतरा वर्षांची भाचीही आमच्याबरोबर असते. ती टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायची शर्यत) आणि रोड रेसची तयारी करते. तिच्या सायकलला पॉवर मीटर, म्हणजे पायाचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र, बसवला त्या पहिल्या रविवारी घरी आल्यावर ती म्हणाली, "मामा, आज फक्त पाय मोकळे केले."

रात्री फाइल उघडली. दोन तासांची सरासरी ११७ वॅट, म्हणजे खरंच सोपी राइड. पण आलेख करवतीच्या दात्यांसारखा होता. प्रत्येक उड्डाणपुलाच्या चढावर कुणीतरी खेचलं, सगळे त्याच्या मागे उठले, मग उतारावर सगळे शून्यावर. हे चढउतार धरून काढलेला आकडा, ज्याला नॉर्मलाइज्ड पॉवर म्हणतात, तो १५१ निघाला. तिच्या ताकदीच्या मानाने तो सरळसरळ कष्टाचा दिवस होता. मंगळवारचा कठीण सराव तिच्याकडून पुरा का होत नाही, हे कोडं आम्हाला वर्षभर पडलं होतं. आम्ही झोपेला, खाण्याला, शाळेच्या ताणाला दोष देत होतो. उत्तर रविवारच्या राइडमध्ये होतं.

म्हणून हा लेख. जोर कसा लावायचा हे स्पर्धक पोरांना सांगावं लागत नाही. सोप्या दिवशी जोर राखून कसा ठेवायचा आणि कठीण दिवशी तो नेमका कुठे खर्च करायचा, हे पॉवर मीटर शिकवतो. पुढचं सगळं त्याच दृष्टीने लिहिलं आहे.

मीटर नेमकं काय मोजतो

पेडल दाबलं की क्रँकचा, म्हणजे पेडलच्या दांड्याचा, धातू अगदी सूक्ष्म वाकतो. तिथे चिकटवलेल्या स्ट्रेन गेज नावाच्या पट्ट्या हा वाक मोजतात, त्यावरून पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, कळतो. टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणलं की वॅट. मिनिटाला ९० फेरे मारत १८० वॅट काढायचे तर क्रँकवर सरासरी १९ न्यूटन-मीटरचा टॉर्क लागतो. जर्मनीच्या उलरिख शोबरर यांनी १९८६ साली एसआरएम कंपनी सुरू करून हे यंत्र सायकलवर आणलं. तेव्हा ते मोजक्या लोकांनाच परवडायचं, आता क्लबमधल्या पोरांच्या सायकलींवरही दिसतं.

वेग आणि हृदयाचे ठोके मोजून हे काम का भागत नाही? सुपर कॉरिडॉरवर वारा पाठीवर असला की ३८चा वेग आरामात मिळतो, तोंडावर आला की २८ला दम लागतो. ठोके जोर लावल्यावर मिनिटभराने चढतात, आणि उन्हात, चहा घेतल्यावर, झोप कमी झाल्यावर वेगळेच आकडे दाखवतात. वॅट मात्र पायाने या क्षणी किती काम केलं तेवढंच सांगतो. तरी छातीचा पट्टा काढून ठेवू नका. वॅट म्हणजे केलेलं काम आणि ठोके म्हणजे त्यासाठी शरीराने मोजलेली किंमत. दोन्ही शेजारी ठेवले की खरी गोष्ट कळते.

कुठला घ्यावा

मीटर डाव्या क्रँकमध्ये, पेडलमध्ये किंवा पुढचं दातेरी चाक धरणाऱ्या स्पायडरमध्ये बसवलेला मिळतो. सगळ्यात स्वस्त पर्याय बहुधा डाव्या क्रँकचा. तो फक्त डावा पाय मोजतो आणि दुप्पट करून दाखवतो. डावा ४८ टक्के आणि उजवा ५२ टक्के काम करत असेल तर खऱ्या २०० वॅटच्या जागी १९२ दिसतील. सरावासाठी हे चालतं, कारण आपली तुलना आपल्याच जुन्या आकड्यांशी असते. पाय दुखावून बरा झालेला असेल तर मात्र दोन्ही बाजू मोजणारा घ्या, कारण त्या काळात डाव्या-उजव्याचं प्रमाण आठवड्यागणिक बदलतं.

एका घरात दोन सायकली असतील तर पेडलवाला सोयीचा, पान्याने काढून दुसरीवर लावता येतो. स्पायडरवाला दगड-धोंड्यांपासून आणि पडझडीपासून जास्त सुरक्षित. जाहिरातीत एक-दोन टक्के अचूकता लिहिलेली असते. तेवढी स्पर्धकाला पुरते. जुना घ्यायचा तर विकणाऱ्यासमोर अर्धा तास चालवून पाहा. आकडा मध्येच शून्यावर पडत असेल किंवा हजारावर उडत असेल तर घेऊ नका.

बसवल्यावर पहिल्याच दिवशी

ॲपमध्ये क्रँकची लांबी नीट भरा. पेडल मीटर ही लांबी धरूनच हिशेब करतो. १७०च्या जागी १७२.५ मिलिमीटर राहिले तर सगळे आकडे दीड टक्क्याने फुगतील आणि महिनाभर खोटी प्रगती दिसेल.

सायकल कॉम्प्युटरमध्ये चार गोष्टी बदला. वॅटची सरासरी काढताना शून्य धरायला सांगा, नाहीतर उतारावरची विश्रांती हिशेबातून गळेल. केडन्सच्या, म्हणजे मिनिटाला पेडलच्या फेऱ्यांच्या, सरासरीत शून्य धरू नका. नोंद दर सेकंदाला ठेवा. पडद्यावर क्षणाचा वॅट न ठेवता तीन सेकंदांची सरासरी ठेवा. क्षणाचा आकडा इतका नाचतो की त्याच्या मागे लागून पेडलिंग बिघडतं.

आता झीरो ऑफसेट, ज्याला आपल्याकडे सगळे कॅलिब्रेशन म्हणतात. ही सवय दात घासण्याइतकी पक्की व्हायला हवी. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या आसपास असतो आणि सायकल उबदार खोलीतून बाहेर येते. धातू थंड होताना मीटरचा शून्य सरकतो. घरातच कॅलिब्रेट करून निघालात तर तासाभराने आकडे कमी-जास्त बोलू लागतात. सायकल पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, मग पेडलवर पाय न ठेवता शून्य करा. कॉम्प्युटर जो आकडा दाखवतो तो वहीत लिहा. तो रोज जवळपास तसाच यायला हवा. एकदम दूर गेला तर सेल संपत आलाय, पेडल सैल झालंय किंवा आत पाणी गेलंय. जुलै-ऑगस्टात पाण्यातून आल्यावर सेलचं झाकण उघडून सुक्या फडक्याने पुसायला विसरू नका.

यानंतर तीन आठवडे काहीही बदलू नका. नेहमीसारखं चालवा आणि फाइली साठवा. गोल्डन चीता हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी उत्तम आहे.

एफटीपी काढणं

एफटीपी (फंक्शनल थ्रेशोल्ड पॉवर) म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी जास्तीत जास्त पॉवर. तासभर जीव काढण्याऐवजी बहुतेक जण २० मिनिटांची चाचणी करतात आणि सरासरीला ०.९५ने गुणतात.

जागा निवडताना घाई करू नका. ३५च्या वेगाने २० मिनिटांत जवळजवळ १२ किलोमीटर होतात. सुपर कॉरिडॉर रुंद आहे, पण तिथे चौक आहेत. बायपासवर ट्रक आहेत, आणि पूर्ण जोरात असताना मान खाली जाते, म्हणून बायपासवर चाचणी करायला मी कुणालाच सांगणार नाही. सलग चढ सगळ्यात चांगला. मंडलेश्वरकडून जाम दरवाजाकडे चढणारा घाट त्यासाठी योग्य आहे. तेवढं जमणार नसेल तर घरी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) करा, पण दोन पंखे तोंडावर हवेत. पंख्याशिवाय ट्रेनरवर अंग तापतं आणि आकडा खाली येतो. जिथे पहिली चाचणी केली तिथेच पुढची करा.

क्रम असा. २० मिनिटं हळूहळू वॉर्मअप, त्यात मिनिटभराचे तीन जलद फेरे. मग पाच मिनिटं जवळजवळ पूर्ण जोर. मग दहा मिनिटं अगदी हलकं. मग २० मिनिटांची चाचणी. आधीचे दोन दिवस हलके ठेवा.

चाचणी बिघडते ती सुरुवातीला. भाचीने पहिल्यांदा २३० वॅटने सुरुवात केली, बाराव्या मिनिटाला पाय दगड झाले, सरासरी १७६. आठवड्याने तिला सांगितलं, पहिली पाच मिनिटं १८५च्या वर जायचंच नाही. शेवटची तीन मिनिटं ती चढवत गेली आणि सरासरी १८९ आली. आठवड्यात ताकद वाढत नाही, खर्च करण्याची रीत सुधारली होती. १८९ गुणिले ०.९५ म्हणजे १८०. तिचं वजन ५४ किलो, म्हणजे किलोला ३.३ वॅट.

झोन

व्यायामशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन यांची सात झोनची वाटणी सगळीकडे वापरली जाते. १८० एफटीपी धरून तिचे आकडे असे येतात:

पहिला, विश्रांतीचा: ५५ टक्क्यांखाली, म्हणजे ९९ वॅटपर्यंत.
दुसरा, टिकावाचा: ५६ ते ७५ टक्के, १०१ ते १३५.
तिसरा, टेम्पो: ७६ ते ९०, १३७ ते १६२.
चौथा, थ्रेशोल्ड: ९१ ते १०५, १६४ ते १८९.
पाचवा: १०६ ते १२०, १९१ ते २१६. यात तीन ते आठ मिनिटं टिकतात.
सहावा: १२१ ते १५०, २१८ ते २७०. अर्धं ते तीन मिनिटं.
सातवा म्हणजे स्प्रिंट, तिथे टक्के बघायचेच नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, दुसरा झोन. आठवड्यातला बहुतेक वेळ इथे जायला हवा, आणि स्पर्धकांना हाच सगळ्यात अवघड जातो. शेजारून कुणी पुढे गेलं की पाय आपोआप उठतात. भाचीसाठी नियम केला: सोप्या दिवशी चढावरही १३५च्या वर जायचं नाही. त्यासाठी तिला मागे मोठ्यात मोठं दातेरी चाक असलेली कॅसेट (गिअरचा संच) लावून दिली, कारण जड गिअरमध्ये चढावर १३५ वॅट म्हणजे मिनिटाला ५० फेरे, आणि मग पाय उभं राहायला सांगतात. पहिले दोन रविवार ती सगळ्यांच्या मागे एकटी राहिली. तिला वाईट वाटलं, डोळ्यांत पाणीही आलं. मग मी तिच्याबरोबर मागे राहू लागलो. तिसऱ्या आठवड्यात मंगळवारचे सगळे इंटरव्हल, म्हणजे मध्ये विश्रांती घेत केलेले जोराचे तुकडे, पहिल्यांदा पूर्ण झाले.

ग्रुप सोडायची गरज नाही. महिन्यातून दोन रविवार ग्रुपबरोबर जोरात जा, पण त्याला कठीण दिवस म्हणूनच मोजा आणि सोमवार-मंगळवार रिकामे ठेवा.

दुसरा झोन नीट जमतोय का, हे फाइलवरून कळतं. दोन-तीन तासांच्या राइडचे दोन भाग करा आणि प्रत्येकात वॅट भागिले ठोके काढा. दुसऱ्या भागात हे प्रमाण पाच टक्क्यांपेक्षा कमी घसरलं तर पाया पक्का होतोय.

कठीण दिवस, आठवड्यातून दोनच

पहिल्या चार आठवड्यांत स्वीट स्पॉट, म्हणजे एफटीपीच्या ८८ ते ९४ टक्के. २० मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये पाच-सात मिनिटं हलकं. तिच्यासाठी १५८ ते १६९ वॅट. सपाट रस्ता चालतो, उज्जैन रोडला पहाटे जमतं.

पुढचे चार आठवडे एफटीपीवर आठ-आठ मिनिटांचे चार तुकडे, आणि दुसऱ्या कठीण दिवशी पाचव्या झोनमध्ये चार-चार मिनिटांचे पाच, मध्ये तेवढीच विश्रांती. इथे एक कसोटी लावा. शेवटचा तुकडा पहिल्याच्या पाच टक्क्यांच्या आत आला पाहिजे. पहिला २१५ आणि पाचवा १८५ आला तर पहिला चुकला. ठरलेल्या आकड्याच्या दहा टक्के खाली दोन तुकडे गेले की घरी परत या. तो दिवस ओढून नेल्याने काही मिळत नाही, उलट गुरुवारचा कठीण सरावही जातो.

शेवटचे तीन आठवडे स्पर्धेसारखे. क्रायटेरियमला, म्हणजे छोट्या वळणदार रस्त्यावर फेऱ्या मारायच्या शर्यतीला, प्रत्येक वळणानंतर उठावं लागतं, त्यासाठी ४० सेकंद जोर आणि २० सेकंद हलकं, असे दहा फेरे, तीन वेळा. टाइम ट्रायलवाल्याने लांब तुकडे स्पर्धेच्याच बसण्यात करावेत, कारण वाकून बसल्यावर बहुतेकांचे वॅट कमी होतात आणि ते आधीच माहीत असलेले बरे.

भेरूघाटात इंटरव्हल करायचा मोह होतो. खंडवा रोडची जड वाहतूक पाहता मी तो टाळतो. जानापावचा चढ तीव्र आहे, छोट्या जोरदार तुकड्यांना चांगला, पण परतीच्या उतारावर ब्रेक जपून.

ओझं किती वाढवायचं

ट्रेनिंग स्ट्रेस स्कोअर, म्हणजे एका राइडच्या ओझ्याचा आकडा, काढायची रीत सोपी आहे. नॉर्मलाइज्ड पॉवरला एफटीपीने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, तासांनी आणि १००ने गुणा. एफटीपीवर एक तास म्हणजे १००. भाचीच्या त्या 'पाय मोकळे' करण्याच्या रविवारी १५१ भागिले १८० म्हणजे ०.८४, त्याचा वर्ग ०.७०, दोन तासांचे १४१. तेच दोन तास १२६ वॅटवर केले असते तर ९८.

या स्कोअरची ४२ दिवसांची सरासरी ही ढोबळ तयारी आणि ७ दिवसांची ही ताजी थकावट. तयारीचा आकडा आठवड्याला तीन ते पाचने वाढावा, जास्त नको. तीन आठवडे चढवा, चौथा हलका करा. स्पर्धेआधीचे दहा दिवस किलोमीटर निम्म्यावर आणा, पण छोटे जोरदार तुकडे चालू ठेवा. ताप, पाळी, परीक्षा यातलं काहीही सॉफ्टवेअरला कळत नाही. पोरगी थकलीय असं आईला वाटत असेल तर आईचं ऐका.

ऊन आणि खाणं

एप्रिल-मेमध्ये इंदुरात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा जानेवारीतल्याच वॅटला ठोके कितीतरी वर दिसतात. पाचलाच निघा, आठच्या आत घरी या. कठीण सराव उन्हात करावाच लागला तर वॅट पाच टक्के खाली धरा.

पॉवर मीटर खाण्याचाही हिशेब देतो. फाइलमधले किलोज्यूल जवळजवळ तेवढ्याच किलोकॅलरी धरता येतात, कारण स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेतली पाव ते पाचवा हिस्साच पेडलपर्यंत पोचते आणि एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८ किलोज्यूल. अडीच तास १२० वॅट म्हणजे १०८० किलोज्यूल. नुसतं पाणी पिऊन हे होत नाही. दीड तासापेक्षा लांब राइडला तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एक मध्यम केळं सुमारे २५ ग्रॅम, अर्ध्या लिटरच्या बाटलीत ३५ ग्रॅम साखर, लिंबू आणि चिमूटभर मीठ. झालं. महागड्या जेलची गरज नाही.

वजनाबद्दल कळकळीने सांगतो. किलोला वॅट हा आकडा पाहून पोरं जेवण तोडतात. हिशेब बघा: भाची, सायकल आणि बाटल्या मिळून ६५ किलो. १८० वॅटमधले सुमारे १५५ उंची चढण्यात जातात, म्हणजे ३०० मीटर उंचीचा घाट २० मिनिटांच्या थोडा वर. एक किलो कमी झालं तर २० सेकंदांच्या आसपास वाचतील. ते एक किलो उपाशी राहून गेलं तर आधी स्नायू आणि मग सराव जातो. वाढत्या वयात एफटीपी वाढवा, वजनकाटा बाजूला ठेवा.

स्पर्धेच्या दिवशी

तासाभराच्या टाइम ट्रायलला लक्ष्य एफटीपीच्या थोडं खाली, अर्ध्या तासाच्या प्रयत्नाला त्याच्या आसपास. पहिली पाच मिनिटं पाय हलके वाटतील, तेव्हा लक्ष्याच्या खालीच राहा. वारा तोंडावर असेल किंवा चढ असेल तिथे थोडे जास्त वॅट घाला, पाठवाऱ्यावर थोडे कमी. हवेचा अडथळा तोडायला लागणारे वॅट वेगाच्या घनाने वाढतात. ३६वरून ४०वर जायला त्यासाठी ३७ टक्के जास्त वॅट हवेत. पाठवाऱ्यावर आधीच वेगात असताना केलेला हा खर्च फारसे सेकंद देत नाही.

रोड रेसमध्ये वॅट पाहून चालवायचं नसतं. हल्ला झाला की जायचं किंवा सोडायचं, एवढंच. तिथे मीटरचा उपयोग उरतो तो विनाकारण पुढे ओढत नाही ना, हे पाहण्याचा. दुसऱ्याच्या चाकामागे नीट बसलं तर तोच वेग पाव ते तिसऱ्या हिश्शाने कमी वॅटमध्ये मिळतो. शेवटच्या पाच किलोमीटरला भाची पडदा बदलून नकाशावर ठेवते.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडून पाच सेकंद, एक मिनिट, पाच मिनिटं आणि २० मिनिटं यांचे सर्वोत्तम आकडे काढा. मग ज्या क्षणी ग्रुप सुटला तिथे जा आणि त्याआधीची दहा मिनिटं पाहा. तिच्या गेल्या स्पर्धेत शेवटच्या चढावर ती सुटली. तिथे १९८ वॅट होते, चार मिनिटं. ताजी असताना ती पाच मिनिटं २१५ काढते. म्हणजे ताकद होती, पण तिथे पोचेपर्यंत १००० किलोज्यूल खर्च झाले होते आणि दुसरी बाटली तशीच भरलेली परत आली होती. आता शनिवारच्या लांब राइडला आम्ही चार मिनिटांचे दोन तुकडे अगदी शेवटी ठेवले आहेत, आणि दर २० मिनिटांनी कॉम्प्युटर घंटी वाजवून तिला प्यायची आठवण करतो.